अलीगढचे आवार : व्यासपीठ, तुरुंग आणि रंगमंच

वाचकहो, मुलाला किंवा मुलीला कॉलेजात घालताना आपल्या समाजातील पालक एक अट हमखास घालतात. “अभ्यास कर, पण युनियनच्या, नाटकाच्या आणि राजकारणाच्या नादी लागू नकोस.” ही अट काळजीपोटी घातलेली असते. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या बापाला ती घालण्याचा पूर्ण हक्क आहे. पण ज्या एका शिक्षणसंस्थेकडे बोट दाखवून आपल्याकडील अनेक संस्था उभ्या राहिल्या, त्या अलीगढच्या आवारात या अटीचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. तो इतिहास पालकांना वाटतो तितका भीतिदायक नाही. विद्यार्थ्यांना वाटतो तितका निव्वळ गौरवाचाही नाही.

सुरुवातच पाहा. सर सय्यद अहमद खान (१८१७-१८९८) हे कंपनी सरकारच्या नोकरीतले न्यायखात्याचे अधिकारी. १८५७ चा वणवा त्यांनी बिजनोरला डोळ्यांनी पाहिला. दिल्लीची वाताहत पाहिली. १८६९-७० मध्ये इंग्लंडला जाऊन तिथली विद्यापीठे पाहिली आणि परत आल्यावर ‘तहजीब-उल-अखलाक’ हे मासिक काढले. २४ मे १८७५ रोजी अलीगढला मदरशाचे वर्ग सुरू झाले आणि ८ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजचा पाया घातला गेला. (मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था १८७४ सालीच स्थापन झाली होती, याची नोंद आपण महाराष्ट्रातील मंडळींनी अभिमानाने करून ठेवावी.) या कॉलेजचा पहिला पदवीधर ईश्वरी प्रसाद नावाचा हिंदू विद्यार्थी होता. संस्था मुसलमानांच्या तालमीसाठी काढलेली होती, पण तिचे दार इतरांना बंद नव्हते.

आता पैशाची गोष्ट. संस्था चालवणाऱ्यांना ती चांगलीच ठाऊक असते. सर सय्यद यांनी वर्गणी मागितली, लॉटरी काढली, पुस्तके विकली, आणि एवढ्यानेही भागेना तेव्हा अलीगढच्या प्रदर्शनात हा पांढऱ्या दाढीचा वृद्ध गृहस्थ गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी चक्क रंगमंचावर उभा राहिला. खानदानी माणसाने तमाशगीरांसारखे रंगमंचावर चढावे, यावर लोकांनी नाके मुरडली. त्यांच्यावर कुफ्राचे फतवे आधीच निघाले होते, त्यात ही एक भर. तेव्हा अलीगढमध्ये नाटक आणि रंगमंच कुणा बिघडलेल्या मुलाने आणले असे म्हणता येणार नाही. पहिला नट संस्थापकच होता!

१८८३ मध्ये थिओडोर बेक हा पंचविशीही न गाठलेला तरुण प्राचार्य म्हणून आला. केंब्रिजच्या प्रसिद्ध वादसभेचा तो अध्यक्ष राहिलेला होता. त्याने आल्याआल्या १८८४ मध्ये त्याच धर्तीवर अलीगढला वादसभा सुरू केली आणि पहिले प्राचार्य सिडन्स यांचे नाव तिला दिले. सिडन्स युनियन क्लब. काळी शेरवानी आणि लाल तुर्की टोपी घातलेली मुले इथे ठराव मांडीत, त्याला विरोध करीत, मते मोजीत. उपाध्यक्ष आणि चिटणीस विद्यार्थ्यांनी निवडायचे. मात्र इंग्रजी राज्य टिकावे की न टिकावे, आणि धर्मपंथांचे आपसातील वाद, हे विषय चर्चेला घ्यायचे नाहीत असा दंडक होता. त्याच आवारात १८९० साली विद्यार्थ्यांनी ‘अंजुमन-उल-फर्ज’ म्हणजे कर्तव्यमंडळ काढले. सुट्टीत गावोगाव हिंडून गरीब मुलांसाठी पैसे जमवायचे हे त्याचे काम. भाषण करणारी मुले आणि वर्गणी गोळा करणारी मुले बहुधा एकच असत, हे विसरू नये.

सर सय्यद यांचे राजकारण सावध होते. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे, आधी शिकावे, असे त्यांचे स्पष्ट मत. याच मुद्द्यावर आपल्या मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी, जे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांच्याशी सर सय्यद यांचा १८८८ मध्ये पत्रव्यवहार झाला. दोघेही समाजाच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे, दोघेही परस्परांना मान देणारे, आणि दोघांचे मत अगदी उलट. अशी पत्रे लिहिणारी माणसे आज सभांतून दुर्मीळ झाली आहेत.

पण मुलांना बोलायला शिकवावे आणि काय बोलावे तेही आपणच ठरवावे, हे फार काळ जमत नाही. त्या दंडकाचे काय झाले ते हसरत मोहानी यांच्या आयुष्यात दिसते.

हसरत १९०३ मध्ये अलीगढहून बी. ए. झाले आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढले. मासिक साहित्याचे, पण आत राजकारणही. त्यांचा राजकीय आदर्श कोण? सर सय्यद नव्हेत, तर पुण्याचे लोकमान्य टिळक. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ वेगळे झाले तेव्हा हसरत टिळकांच्या बाजूने बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, मिसरमधील इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा एक लेख त्यांनी निनावी छापला. सरकारने लेखकाचे नाव विचारले. त्यांनी ते सांगितले नाही, लेखाची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि सक्तमजुरीची शिक्षा पत्करली. तुरुंगात हा नाजूक गझला लिहिणारा शायर जात्यावर दळण दळीत होता. त्याच १९०८ सालात टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला धाडण्यात आले. पुण्याचा पंडित आणि अलीगढचा मौलाना एकाच गुन्ह्याचे गुन्हेगार ठरले, ही गोष्ट आपल्या शाळांतून किती मुलांना सांगितली जाते?

सुटून आल्यावर हसरतनी अलीगढमध्ये स्वदेशी मालाचे दुकान काढले. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. ती गांधीजींना तेव्हा मान्य नव्हती आणि ती फेटाळली गेली. ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणा त्यांच्या नावावर जमा आहे. पुढे ते घटना समितीचे सभासद झाले आणि १९५१ साली वारले. आणि हेच हसरत, ज्यांची प्रेमाची गझल गुलाम अलींच्या आवाजात १९८२ च्या ‘निकाह’ चित्रपटातून घराघरांत पोचली. ती ऐकणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, हा कवी जात्यावर दळून आला होता!

१९२० साल अलीगढच्या इतिहासात पालकांच्या दृष्टीने सर्वांत कसोटीचे ठरले. खिलाफत आणि असहकार यांचे वारे वाहत होते. मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली हे बंधू कॉलेजचेच जुने विद्यार्थी. शौकत अली तर एके काळी इथल्या क्रिकेट संघाचे कप्तान. मोहम्मद अली ऑक्सफर्डहून परतल्यावर काही वर्षे बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होते. मग ‘कॉम्रेड’ आणि ‘हमदर्द’ ही पत्रे काढून राजकारणात पडले. १२ ऑक्टोबर १९२० रोजी हे बंधू गांधीजींना घेऊन अलीगढला आले. सरकारी मदत घेणारे हे कॉलेज सोडा, असे आवाहन झाले. त्या दिवशी मुलांवर फारसा परिणाम झाला नाही, काहींनी तर गांधीजींची टिंगल केली. झाकीर हुसेन नावाचा तेवीस वर्षांचा एम. ए. चा विद्यार्थी प्रकृतीच्या कारणाने दिल्लीला गेला होता. परतल्यावर त्याने मित्रांच्या तोंडून ही टिंगल ऐकली आणि तो अस्वस्थ झाला. नंतरच्या सभेत त्यानेच कॉलेज सोडण्याचा निर्णय जाहीर केला आणि इतर त्याच्यामागे गेले.

आता कल्पना करा, पालकहो, की तुमचा मुलगा तिथे शिकतो आहे. कॉलेजचे चालक मुलांना घरी न्या म्हणून आईबापांना कळवीत आहेत. इकडे गांधीजी ‘यंग इंडिया’तून अलीगढच्या मुलांच्या पालकांना उद्देशून जाहीर पत्र लिहीत आहेत. मुलगा कुणाचे ऐकणार, आणि तुम्ही त्याला काय सांगणार? २९ ऑक्टोबर १९२० रोजी कॉलेजच्या मशिदीत देवबंदचे वृद्ध मौलाना महमूद हसन यांच्या उपस्थितीत जामिया मिल्लिया इस्लामिया या राष्ट्रीय विद्यापीठाची स्थापना झाली. कॉलेजच्या इमारतींतून मुलांना बाहेर काढण्यात आले आणि वर्ग भाड्याच्या बंगल्यांत व तंबूंत भरू लागले. हकीम अजमल खान कुलपती झाले, मोहम्मद अली कुलगुरू.

जे राहिले त्यांना आपण भित्रे म्हणावे काय? माझे मत तसे नाही. गणिताचे विद्वान डॉ. झियाउद्दीन अहमद यांनी त्या वादळात कॉलेज सांभाळले, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला कॉलेजचे अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाले. हजारो गरीब मुलांना पुढे तिथे पदव्या मिळाल्या. ज्यांनी कॉलेज सोडले त्यांनी एक संस्था निर्माण केली आणि जे थांबले त्यांनी दुसरी वाचवली. समाजाला दोन्ही लागल्या.

झाकीर हुसेन यांचे पुढचे चरित्र विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. जर्मनीत बर्लिनला पीएच. डी. करून ते १९२६ मध्ये आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या दोन मित्रांसह परतले. जामिया तोवर दिल्लीला करोलबागेत आली होती आणि बंद पडण्याच्या बेतात होती. १९२८ मध्ये तिथल्या शिक्षकांनी प्रतिज्ञा केली की, वीस वर्षे इथेच काम करायचे आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक पगार घ्यायचा नाही. प्रत्यक्षात तेवढेही अनेक महिने हाती पडत नसत. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी आपल्या वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली आणि मूलोद्योग शिक्षणाची योजना तयार करण्याचे काम ज्या समितीकडे दिले तिचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते. १९३० च्या दशकानंतर ज्या पिढ्या शाळेत सूत कातून आल्या, त्यांच्या टकळीचा धागा असा जामियापर्यंत पोचतो.

या थोर शिक्षणतज्ज्ञाला मुलांच्या गोष्टी लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. त्यांची ‘अब्बू खाँ की बकरी’ ही कथा आजही उर्दू-हिंदी मुले वाचतात. मुजीब साहेब इतिहासाचे प्राध्यापक, पण नाटके लिहीत. आबिद साहेबांनीही नाटक लिहिले. जामियात नाटक हा चैनीचा भाग नव्हता, तो शिकवण्याचाच भाग होता. म्हणूनच १९५४ मध्ये हबीब तन्वीर यांनी नजीर अकबराबादी या लोककवीवर ‘आग्रा बाजार’ बसवले तेव्हा त्यांना नट मिळाले ते जामियाचे विद्यार्थी-शिक्षक आणि शेजारच्या ओखला गावचे रहिवासी. भारतीय रंगभूमीवर ते नाटक मैलाचा दगड ठरले. हे हबीब तन्वीर रायपूरचे, नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे पदवीधर, आणि एम. ए. साठी काही काळ अलीगढला राहिलेले.

१९३० नंतरची अलीगढची पिढी म्हणजे तर साहित्याची टांकसाळच. ख्वाजा अहमद अब्बास हे शायर हालींच्या घराण्यातले. त्यांनी विद्यार्थी असतानाच ‘अलीगढ ओपिनियन’ हे साप्ताहिक काढले. तिथे घोटवलेला हात मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये चालला. ‘लास्ट पेज’ हे त्यांचे सदर आधी तिथे, मग ‘ब्लिट्झ’मध्ये, १९८७ साली ते वारले तोवर चालू होते. गोवा मुक्तीवरचा त्यांचा ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९) हा चित्रपट आता लोकांना अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट म्हणूनच आठवतो. सआदत हसन मंटो थोडे दिवस राहून आजारपणाने परत गेले. मजाज लखनवी यांनी १९३६ मध्ये आपल्या विद्यापीठावर एक नज्म लिहिली. पुढे तिला चाल लावून विद्यापीठाने तिलाच आपले गीत केले. पदवीदान समारंभात आजही उभे राहून ते म्हटले जाते. मजाज मात्र १९५५ मध्ये लखनौला फार वाईट अवस्थेत गेले. संस्थेने गीत जपले, गीतकाराला कुणी जपू शकले नाही.

अली सरदार जाफरी यांची कथा पालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. १९३६ मध्ये राजकीय कारणांवरून त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. कुठल्याही बापाला वाटावे, पोराने आयुष्याची माती केली. जाफरी दिल्लीत पदवी घेऊन पुढे मुंबईला आले आणि अखेरपर्यंत मुंबईकर राहिले. पुरोगामी लेखक चळवळीचे ते आधारस्तंभ झाले, आणि १९८६ मध्ये त्याच अलीगढ विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. दिली. काढून टाकल्याला बरोबर पन्नास वर्षे झाली होती. १९९७ चा ज्ञानपीठ पुरस्कारही त्यांना मिळाला. अर्थात, काढून टाकलेला प्रत्येक मुलगा सरदार जाफरी होत नाही, हेही तितकेच खरे.

आता या आवारातील कडू पान. १९४० नंतर अलीगढचे विद्यार्थी फार मोठ्या संख्येने मुस्लिम लीगच्या मागे गेले. १९४५-४६ च्या निवडणुकीत मुले वर्ग सोडून गावोगाव लीगचा प्रचार करीत हिंडली. जी शिस्त सर सय्यद यांच्या काळात वर्गणीच्या पावत्या घेऊन हिंडत होती तीच आता मते मागत होती. मौलाना आझाद यांच्यासारख्या विद्वानाचा अलीगढ स्टेशनवर काही विद्यार्थ्यांनी अपमान केला. हा प्रसंग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वक्तृत्व आणि जोश या दोन गोष्टी मुलांकडे होत्या. विरुद्ध मताच्या माणसाला ऐकून घेण्याची जी सवय वादसभेने लावायला हवी होती ती त्या दिवसांत कुठेच दिसली नाही. पाकिस्तान झाले, त्यांतले अनेक तिकडे गेले, आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला संशय आला.

याच काळात जामियाने काय केले ते शेजारी ठेवून पाहावे. १७ नोव्हेंबर १९४६ रोजी जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात ठिकठिकाणी दंगे पेटले होते. झाकीर हुसेन यांनी एकाच व्यासपीठावर एकीकडे नेहरू आणि मौलाना आझाद, तर दुसरीकडे जिना यांना बसवले, आणि सर्वांच्या तोंडावर सांगितले की, ही आग तुम्हीच विझवू शकता. मास्तराने पुढाऱ्यांची शाळा घ्यावी असा तो दिवस. पुढाऱ्यांनी ऐकून घेतले, आग विझली नाही. १९४७ मध्ये काश्मीरला जाताना जालंधर स्टेशनवर खुद्द झाकीर हुसेन जमावाच्या हाती सापडले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांचे प्राण वाचवले.

२४ जानेवारी १९४८ रोजी नेहरू अलीगढच्या पदवीदान समारंभाला आले. मला या देशाच्या वारशाचा अभिमान आहे, तो तुमचाही आहे असे तुम्हाला वाटते का, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी मुलांना सरळ विचारला. त्याच वर्षी झाकीर हुसेन कुलगुरू म्हणून अलीगढला परतले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या दारातून बाहेर पडले त्याच दारातून. १९४९ मध्ये पदवीदानाचे भाषण करायला मौलाना आझाद आले. स्टेशनवर ज्यांचा अपमान झाला त्यांचेच नाव पुढे विद्यापीठाच्या भव्य ग्रंथालयाला देण्यात आले. १९५६ पर्यंत झाकीर साहेब तिथे होते. पुढे बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती, आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. १९६९ मध्ये पदावर असतानाच ते वारले आणि त्यांना जामियाच्या आवारात दफन केले गेले.

नंतरच्या दशकांत या आवारातून मुंबईकडे जणू रांगच लागली. राही मासूम रझा अलीगढला शिकले, तिथेच शिकवू लागले, आणि ‘टोपी शुक्ला’ या कादंबरीत त्यांनी त्याच आवारावर बोचरे लिहिले. मग मुंबईला आले. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या ‘महाभारत’ मालिकेची पटकथा आणि संवाद त्यांचे. ‘समय’ हा निवेदक त्यांच्याच कल्पनेतला. उर्दूचे प्राध्यापक शहरयार अलीगढ सोडून गेले नाहीत, पण त्यांच्या गझला माजी विद्यार्थी मुजफ्फर अली यांच्या ‘गमन’ (१९७८) आणि ‘उमराव जान’ (१९८१) या चित्रपटांतून गाजल्या. नसीरुद्दीन शाह १९७१ मध्ये इथून पदवीधर झाले. नाटकासाठी त्यांना प्रोत्साहन दिले ते इंग्रजीच्या प्राध्यापिका आणि कवयित्री जाहिदा जैदी यांनी. पुढे ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही शिकले.

युनियनची परंपराही चालू राहिली. तिने १९२० मध्ये गांधीजींना पहिले आजीव सदस्यत्व दिले होते आणि १९३८ मध्ये जिनांनाही. आजीव सदस्यांच्या तसबिरी सभागृहात लावायचा प्रघात असल्याने जिनांची तसबीरही भिंतीवर राहिली. २०१८ मध्ये तिच्यावरून देशभर वादंग उठले. ती ठेवावी की काढावी याबद्दल वाचकांची मते वेगळी असू शकतील.

मुलींविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. शेख अब्दुल्ला (काश्मीरच्या पुढाऱ्यांशी गल्लत करू नये. हे अलीगढचे वकील, ज्यांना सारे ‘पापा मियाँ’ म्हणत) आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ मध्ये मुलींची शाळा काढली. मुली पडदा लावलेल्या डोल्यांतून येत. विरोध घराघरातून झाला. भोपाळच्या बेगम साहिबांनी मदत केली. १९१४ मध्ये वसतिगृह झाले, तेव्हा वहीद जहाँ बेगमनी त्या मुलींना आईसारखे सांभाळले. १९३७ मध्ये पदवीचे वर्ग निघाले. त्यांची स्वतःची मुलगी रशीद जहाँ डॉक्टर झाली, कथा-नाटके लिहू लागली, आणि १९३२ च्या ‘अंगारे’ या संग्रहात तिचे लिखाण आले तेव्हा असा भडका उडाला की, १९३३ मध्ये सरकारने पुस्तकावर बंदी घातली. बापाने शाळा चालवायची, आणि मुलीच्या लेखणीमुळे त्या शाळेवरच लोकांनी दात धरायचे, अशी ती परिस्थिती. पापा मियाँनी शाळा बंद केली नाही. याच शाळेत शिकलेल्या इस्मत चुगताई पुढे मुंबईला येऊन उर्दूतील पहिल्या फळीच्या कथाकार झाल्या.

१९२० मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती म्हणून भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांची नेमणूक झाली. पहिली स्त्री कुलगुरू मिळायला मात्र एप्रिल २०२४ उजाडावे लागले. मानसशास्त्राच्या प्राध्यापिका नईमा खातून यांनी ते पद स्वीकारले. त्या विद्यापीठाच्याच जुन्या विद्यार्थिनी. कुलगुरू होण्याआधी दहा वर्षे त्या विमेन्स कॉलेजच्या प्राचार्या होत्या, म्हणजे ज्या शाळेत मुली डोल्यांतून येत, तिच्यातूनच वाढलेल्या कॉलेजच्या.